मेंढीच्या पोटातली मोजणी

इतिहासाच्या अध्यापकाने रेडिओवर यावे ते पानिपत घेऊन, नाही तर रायगड घेऊन, असा एक संकेतच पडून गेला आहे. माझा आजचा विषय आहे गाभण मेंढी. मेंढी गाभण आहे की नाही, आणि असली तर तिच्या पोटात कोकरू एक आहे की दोन, हे ती विण्याच्या दोन-तीन महिने आधी ओळखण्याची विद्या माणसाने कशी हस्तगत केली, ती हकीकत मला सांगायची आहे. तीत लढाई नाही, तह नाही. पण सनावळी आहे, जुन्या दप्तरांतून निघालेला एक पुरावा आहे, आणि एक धागा तर असा आहे की, तो बंगालच्या खाडीतून ऑस्ट्रेलियाला जातो आणि दोनशे वर्षांनी आपल्या फलटणला येऊन पोचतो.

मेंढीचा गाभणकाळ सरासरी १४७ दिवसांचा, म्हणजे ढोबळमानाने पाच महिन्यांचा. हे काही नवे ज्ञान नव्हे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक पंडित अ‍ॅरिस्टॉटल याने प्राण्यांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्यात हे पाच महिने नोंदलेले आहेत. चराई चांगली असली म्हणजे जुळी होतात, आणि काही मेंढ्यांच्या व मेंढींच्या अंगातच जुळे देण्याचा गुण असतो, असेही तो सांगतो. हे दुसरे वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, पुढे ते लागणार आहे. पण त्याच प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल आणखीही काही सांगतो. मेंढी फळताना उत्तरेचा वारा असेल तर नर होतो, दक्षिणेचा असेल तर मादी. आणि मेंढ्याच्या जिभेखालच्या शिरा पांढऱ्या असतील तर कोकरू पांढरे, काळ्या असतील तर काळे. पुढे तीनशे वर्षांनी रोमन कवी व्हर्जिल यानेही शेतकीवरील आपल्या काव्यात शेतकऱ्याला बजावले आहे की, मेंढा कितीही पांढराशुभ्र असो, त्याची जीभ काळी असेल तर तो ठेवू नये.

यातली चूक-बरोबर बाजूला ठेवू. मौजेची गोष्ट ही की, त्या काळच्या माणसाला मेंढीच्या पोटातले जाणून घ्यायचे होते ते रंगाविषयी. कारण पांढऱ्या लोकरीवर हवा तो रंग चढतो आणि तिला भाव येतो. (आपल्या दख्खनच्या धनगराला घोंगडीसाठी काळी लोकर लागे, त्याने व्हर्जिलचा सल्ला उलटा वाचला असता.) ज्या गोष्टीचे पैसे येतात तिची चौकशी माणूस आधी करतो. पोटात कोकरे किती, हे आधी कळावे असे या दोघांनाही वाटलेले दिसत नाही. किती ते मेंढी व्याली की कळतेच की!

आणि गाभण आहे की नाही, एवढेच पाहायचे तर ते मेंढपाळाला यंत्रावाचून कळते. मेंढी दर सतराएक दिवसांनी माजावर येते. फळली तर माज परतत नाही. मग तिच्या अंगावर तकाकी येते, ती धावपळ टाळू लागते. चौथ्या महिन्यात कूस भरते, आणि ती बहुधा उजवी, कारण डावी बाजू चाऱ्याच्या मोठ्या पोटाने अडवलेली असते. शेवटी कास उतरते. पिढ्यानपिढ्या मेंढरांमागे हिंडलेल्या माणसाची नजर यात क्वचित चुकते. मात्र या नजरेला एक मर्यादा आहे. जे दिसायचे ते उशिरा दिसते. तोपर्यंत भाकड मेंढीने गाभणीच्या बरोबरीने चारा खाल्लेला असतो.

इंग्लंडमधल्या मेंढपाळांनी यावर गेरूचा तोडगा काढला. हा आपलाच गेरू, तुळशीवृंदावनाला लावतो तो. तो कालवून मेंढ्याच्या छातीला फासायचा. मेंढा ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीमागे लाल डाग उमटतो. सतरा दिवसांनी छातीचा रंग बदलायचा, फिका होता तो गडद करायचा. ज्या मेंढीवर पहिलाच डाग राहिला ती बहुधा फळली. जिच्यावर दुसरा रंग उमटला तिचा पहिला फेरा वाया गेला. मेंढीच्या पाठीवरच लिहिलेली ही वही! गेरूचा व्यापार इतका होता की, तो पोत्यांतून घेऊन गावोगाव फिरणारे लोक असत आणि त्यांचे अंग, कपडे, गाडी सारे लाल होऊन जाई. टॉमस हार्डीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' या १८७८ सालच्या कादंबरीतला डिगरी व्हेन हा असाच एक गेरूवाला. हार्डी लिहीत होता तेव्हाच ही जात संपत चालली होती. पण युक्ती संपली नाही. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात रॅडफर्ड, वॉटसन आणि वूड या तिघांनी मेंढ्याच्या छातीला बांधायचा पट्टा आणि त्यात बसवायची रंगाची वडी यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तो पट्टा आजही वापरात आहे.

गेरू काय सांगतो? मेंढा मेंढीवर चढला, एवढेच. गर्भ राहिला का, याचा तो अंदाज देतो. किती राहिले, याविषयी मुका असतो. आता या 'किती'ला एकाएकी महत्त्व कुठून आले, ते सांगायला हवे.

पोटातल्या कोकराच्या वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो. पहिले साडेतीन महिने गर्भ मेंढीकडून फारसे मागत नाही. मग एकदम मागू लागतो. दोन कोकरे असतील तर मागणी दुप्पट, आणि नेमकी याच वेळी पोटातली जागा कोकरांनी व्यापल्यामुळे मेंढीचे खाणे कमी होते. मग ती अंगावरची चरबी जाळू लागते. रक्तातली साखर उतरते. मेंढी कळपातून मागे पडते, एकटी उभी राहते, तिला नीट दिसेनासे होते, डोके कशाला तरी टेकवून ती तशीच थांबते, आणि काही दिवसांत आडवी होते. इंग्रज मेंढपाळ या दुखण्याला जुळ्यांचा रोग म्हणतात. यात मेंढी जाते आणि पोटातली दोन्ही कोकरेही जातात. बरे, यावर उपाय म्हणून सगळ्याच मेंढ्यांना सढळ हाताने दाणा घालावा, तर जिच्या पोटात एकच कोकरू आहे तिचे कोकरू वाजवीपेक्षा मोठे होते आणि विताना अडते. म्हणजे एकच पाटी एकीला अपुरी आणि दुसरीला घातक. कोणापुढे किती ठेवायचे हे ठरवायचे तर पोटात किती ते कळलेच पाहिजे.

विसाव्या शतकात हे उत्तर मिळवण्याच्या खटपटी झाल्या. क्ष-किरणांनी कोकरांची हाडे मोजता येत, पण ती हाडे दिसण्याजोगी व्हायला गाभणकाळाचे निम्मे दिवस सरावे लागत, आणि माळावर क्ष-किरणांचे यंत्र न्यायचे कोणी? १९७२ मध्ये अमेरिकेत ह्यूलेट याने एक पद्धत सांगितली. मेंढीला उताणी पाडून गुदद्वारातून गुळगुळीत कांडी आत घालायची आणि दुसऱ्या हाताने पोटावरून गर्भ चाचपायचा. पद्धत स्वस्त होती. पण आतड्याला इजा होण्याचे आणि गर्भ पडण्याचे भय तीत होते. मेंढीला विचारले असते तर तिने गेरूच बरा म्हटले असते.

खरी वाट निघाली ती बॉयलरच्या कारखान्यातून. ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड हे दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते, आणि लाटा सोडून त्यांच्या परतीवरून वस्तूचा ठाव घेण्याची कल्पना त्यांच्या परिचयाची होती. कानाला ऐकू न येणाऱ्या अतिसूक्ष्म कंपनांच्या ध्वनीने पोलादातली चीर शोधण्याचे यंत्र रेनफ्रू येथील बाबकॉक अँड विल्कॉक्सच्या कारखान्यात होते. १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन तिथे गेले, तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही नेला, आणि यंत्र लावून पाहिले. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे तिथे दिसून आले. पुढे जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर आणि टॉम ब्राऊन हे इंजिनियर यांच्यासह त्यांनी लिहिलेला लेख जून १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. आज आपण सोनोग्राफी म्हणतो तिच्या प्रसूतिशास्त्रातल्या वापराचा आरंभ इथला.

मेंढीपर्यंत हा ध्वनी पोचायला फार दिवस लागले नाहीत. १९६६ मध्ये अमेरिकेतील लिंडाल याने मेंढीची गर्भधारणा ध्वनीने ओळखल्याचा लेख 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. मात्र या पहिल्या यंत्रांना चित्र दिसत नसे. पोटात पाणी आहे की नाही एवढे ती सांगत, आणि भरलेले मूत्राशय हेही पाणीच. दुसऱ्या एका प्रकारात कोकराच्या काळजाचे ठोके ऐकू येत, पण ते एकाचे की दोघांचे हे कानाला उमगणे कठीण. म्हणजे सगळी यंत्रे अजून गेरूच्याच प्रश्नाभोवती घुटमळत होती.

पडद्यावर हलते चित्र दाखवणारी यंत्रे आली आणि मग मात्र बाजी उलटली. न्यू साउथ वेल्समध्ये फाउलर आणि विल्किन्स यांनी १९८० पासून हजारोंच्या कळपांत कोकरे मोजण्याचे तंत्र बसवले. १९८४ मध्ये व्हाइट, रसेल आणि फाउलर यांचा लेख ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि स्कॉटलंडच्या डोंगरी कळपांतून हा प्रकार झपाट्याने पसरला. गावोगाव यंत्र घेऊन फिरणारी एक नवी जात तयार झाली. गेरूवाला गेला आणि त्याच्या जागी हा आला म्हणा ना.

याचे काम पाहण्यासारखे असते. मेंढ्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या असतात, कारण भरले पोट चित्र झाकते. एका अरुंद पिंजऱ्यातून एकेक मेंढी पुढे येते. माणूस बाजूला खाली बसलेला असतो. मागच्या मांडीच्या आत, जिथे लोकर नसते त्या उघड्या कातडीवर तो यंत्राचा दट्ट्या टेकवतो. पडद्यावर काळे दिसते ते पाणी. त्याच्या कडेने बटणांसारख्या गोल खुणा दिसतात त्या वारेच्या गाठी. आणि मध्ये बरगड्यांची पांढरी रेघ, धडधडणारे काळीज. तो आकडा बोलतो, जोडीदार पाठीवर रंगाची खूण करतो, मेंढी निघून जाते. मुरलेला माणूस तासाला शंभरावर मेंढ्या हातावेगळ्या करतो, आणि चुका अगदी थोड्या.

फक्त दिवस साधावे लागतात. गर्भ पंचेचाळीस दिवसांच्या आत असेल तर एखादे कोकरू नजरेतून निसटते. नव्वदीच्या पुढे गेला तर एकच कोकरू सारा पडदा व्यापते, आणि त्याच्या आड दुसरे आहे की नाही ते कळत नाही. म्हणून मेंढा कळपात पस्तीस दिवसच सोडावा, म्हणजे माजाचे दोन फेरे होतात, आणि मेंढा सोडल्यापासून ऐंशीव्या दिवशी तपासणी करावी. पहिल्या दिवशी फळलेली मेंढी तेव्हा ऐंशी दिवसांची असते, शेवटच्या दिवशी फळलेली पंचेचाळीसची. दोघी टप्प्यात येतात. आपल्याकडे बऱ्याच कळपांत मेंढा बारा महिने मेंढ्यांतच असतो. तिथे हे गणित बसत नाही. यंत्र आणण्याआधी मेंढा वेगळा बांधायला शिकले पाहिजे, आणि मला वाटते, यंत्रापेक्षा हीच सुधारणा अवघड आहे.

इथे एका गोष्टीचा उल्लेख टाळणे बरे होणार नाही. हेच यंत्र माणसाच्या घरात शिरले तेव्हा आपल्या समाजाने त्याला 'किती' विचारले नाही; 'मुलगा की मुलगी' हे विचारले, आणि मुलगी असेल तर पुढे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. ते रोखण्यासाठी १९८८ मध्ये देशात पहिला कायदा महाराष्ट्राला करावा लागला, आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या वाऱ्याची चौकशी करणारा तो ग्रीक पंडित यापुढे निरुपद्रवी वाटतो.

असो. आता छोट्या कळपाकडे येतो. हजार मेंढ्यांच्या मालकाला ही तपासणी परवडते; पंचवीस मेंढ्यांच्या मालकाने तिच्या वाटेस जावे का? आपल्या दख्खनी मेंढीचा विचार केला तर कित्येक पिढ्या याचे उत्तर 'नको' असेच होते. दख्खनी मेंढी एका वेताला एक कोकरू देते. जुळे हा अपवाद. दिवाळीनंतर चराईसाठी मैलोगणती चालायचे, उन्हाळ्यात मिळेल तो पाला खायचा, अशा जिण्यात मेंढीने एकावरच थांबावे यात शहाणपणही होते. सगळ्यांच्याच पोटात एक, तर मोजायचे काय? अशा कळपाला माझ्या मते अजूनही छातीचा गेरू पुरे आहे.

पण लोकर आणि घोंगडी यांचा बाजार बसला, आणि मेंढपाळाची मिळकत विकलेल्या कोकरांवर येऊन ठेपली. मग मेंढीमागे एक की दोन, हा पोटापाण्याचा प्रश्न झाला. इथे तो मघाचा धागा येतो. ऑस्ट्रेलियात कूमा गावाजवळ बुरूला नावाच्या शेतावर सीअर्स बंधूंचा एक कळप होता, त्यात जुळी-तिळी सर्रास होत. १९५८ मध्ये, म्हणजे ग्लासगोचा तो लेख आला त्याच वर्षी, त्यांनी पाच भावंडांत जन्मलेला एक मेंढा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला दिला. पुढे १९८० नंतर ध्यानात आले की, हा गुण एकाच जनुकाचा आहे. तो या मेंढ्यांत आला कुठून? हेलन न्यूटन टर्नर या विदुषीने जुनी कागदपत्रे चाळून १९८२ मध्ये दाखवले की, १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजांनी बंगाली मेंढ्या सिडनीला गेल्या होत्या, आणि मूळ तिथे असावे. २००१ मध्ये त्या जनुकातला नेमका बदल सापडला. २००२ मध्ये तोच बदल सुंदरबनातल्या गारोळ मेंढीत मिळाला. दप्तरातल्या कागदाने जे वीस वर्षे आधी सांगितले ते रक्ताच्या थेंबाने कबूल केले. आमच्या धंद्यातल्या माणसाला यापरते सुख नाही. आणि जुळे देण्याचा गुण वंशातून येतो असे लिहिणारा अ‍ॅरिस्टॉटलही, वाऱ्याच्या बाबतीत नसला तरी या बाबतीत, खरा ठरला.

ही गारोळ मेंढी अंगाने अगदी चिमुकली. खारट दलदलीत गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. फलटण येथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती आणली आणि दख्खनी मेंढीशी तिचा संकर केला. पुढे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे यांच्या मदतीने रक्ततपासणी करून जनुक असलेली जनावरे निवडली, आणि दख्खनी अंगाची पण जुळे देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली. या जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्या वेतामागे सरासरी दीडच्या आसपास कोकरे देतात. या दीडमध्येच सारी गोम आहे. दीड कोकरू कोणी देत नाही. काही मेंढ्या एक देतात, काही दोन, आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. ज्या घरात मोजण्यासारखे काही नव्हते तिथे आता मोजण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

हिशेब करून पाहू. समजा, पंचवीस मेंढ्यांच्या कळपात आठ जणींच्या पोटात जुळे आहे. शेवटचे सहा आठवडे प्रत्येकीला रोज दोनशे ग्रॅम भरडा किंवा पेंड द्यायची म्हटले तर पंचवीस जणींना रोज पाच किलो, आणि बेचाळीस दिवसांत २१० किलो लागते. मार्च-एप्रिलमध्ये हे घरात कोणाच्या असते? मग मेंढपाळ कोणालाच घालत नाही, आणि जुळ्यांचीच जनावरे जातात. त्या आठ जणी नेमक्या माहीत असतील तर अडुसष्ट किलोंत भागते. हे दोन पोती खाद्य कुटुंबाला जमवता येते. शिवाय जी भाकड निघेल ती चारा खाण्याआधीच बाजारात नेता येते, आणि ज्या घरी जुळे येणार तिथे कळपातल्या शेळ्यांपैकी एखादी दुभती शेळी कोकरांना पाजण्यासाठी राखून ठेवता येते.

यंत्र एकट्याने घेण्याची गोष्ट नाही. ते आता हातात मावेल एवढे आणि बॅटरीवर चालणारे मिळते, पण त्याची किंमत मेंढपाळाच्या आवाक्यातली नव्हे. विलायतेतही छोट्या कळपाच्या मालकाला यंत्रवाल्याचा किमान आकार अंगावर येतो, म्हणून शेजारचे पाच-सहा कळप एका जागी आणून सकाळ उरकतात. आपल्याकडे पावसाळ्यात मेंढरे मुलखात परततात, वाडे एकमेकांजवळ असतात, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी एका गावात एक सकाळ दिली तर दोन-तीनशे मेंढ्या सहज होतील. फक्त मेंढे सोडण्याचे दिवस त्या पाच-सहा जणांनी मिळून ठरवलेले हवेत, नाही तर ऐंशीवा दिवस प्रत्येकाचा वेगळा पडेल.

मोठ्या कळपांत तपासणी झाली की पाठीवर रंगाचे पट्टे ओढतात, भाकडीला एक, एकाला एक, जुळ्याला एक, आणि कोणता रंग कशाचा हे शेताशेतागणिक वेगळे. आपल्याकडे एवढ्या रंगांची गरज पडेल असे वाटत नाही. पंचवीस मेंढरांचा धनी त्यांना तोंडावरून ओळखतो. त्याने आकडा ऐकायचा, ध्यानात ठेवायचा, आणि पुढे ते शेवटचे सहा आठवडे लागले की संध्याकाळी वाघरीच्या आत कोणाकोणापुढे पाटी ठेवायची ते बायकोला सांगून ठेवायचे.